सिलेक्ट झालेल्यांची गोष्ट

पांडुरंग सांगवीकर कॉलेजात नेमकं काय शिकला, असं 'कोसला' वाचलेल्या कुणालाही विचारा. बहुतेकांना सांगता येणार नाही. मेसचा हिशेब आठवेल, होस्टेल आठवेल, मनी गेल्यावरची पानं तर विसरताच येत नाहीत. पण वर्गात बसून या मुलाच्या डोक्यात काय शिरलं, हे आपण लक्षात ठेवत नाही, कारण खुद्द कादंबरीलाच त्याचं सोयरसुतक नाही. १९६३ साली हे धाडस होतं. मुलगा शिकला की घर वर येतं, असं मानणाऱ्या बापांच्या पिढीसमोर पंचविशीतल्या नेमाड्यांनी असा नायक उभा केला, जो हाती काही न लागता पुण्याहून गावी परततो आणि त्याबद्दल माफीही मागत नाही.

मी ती कादंबरी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात वाचली. मुंबई विद्यापीठाच्या त्या वर्षाला तेव्हा 'बिझनेस कम्युनिकेशन अँड एथिक्स' नावाचा विषय होता. रिझ्युमे कसा लिहायचा, ग्रुप डिस्कशनमध्ये समोरच्याला न दुखावता आपलं घोडं पुढे कसं दामटायचं, हे त्यात मार्कांसाठी शिकायचं. दिवसा ते आणि रात्री पांडुरंगची 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'. या दोन शब्दांवर मराठीत पुष्कळ लिहून झालंय, त्यांची नक्कल तर त्याहून जास्त झालीय. माझ्यापुरतं त्यांचं काम साधं होतं. रिझ्युमेत 'वगैरे' लिहिता येत नाही. तिथं प्रत्येक वाक्य ठाम हवं: मी केलं, मी सांभाळलं, मी टीमचं नेतृत्व केलं. पांडुरंगही मेस सांभाळतो, नाटकात पडतो, मंडळं चालवतो. आजच्या कुठल्याही प्लेसमेंट सेलला आवडावा असा ऐवज आहे हा. पण सांगताना तो शेवटी असा एक शब्द टाकतो की सगळा डोलारा खाली बसतो. स्वतःबद्दल ठाम बोलायला नकार देणं ही एक भाषा असू शकते, हे मला त्या पुस्तकानं दाखवलं.

तरीही 'कोसला'बद्दल माझी एक तक्रार आहे. पांडुरंगला परत जायला सांगवी आहे. वडील, वाडा, शेती, चार माणसांत मान. नकार द्यायलासुद्धा पाठीशी काही लागतं. दादरमध्ये, जिथं चार माणसांचं घर दीड खोलीत बसतं आणि बाबांच्या पीएफमधून फी भरली जाते, तिथला मुलगा परत कुठं जाणार? जास्तीत जास्त शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, आणि तिथून रात्री घरीच.

सदानंद देशमुखांची 'बारोमास' (२००२) मला म्हणूनच 'कोसला'ला चाळीस वर्षांनी आलेलं उत्तर वाटते. अशी जोडी लावताना ती फारशी कुणी वाचत नाही, शेतकऱ्याची कादंबरी म्हणून वेगळ्या फडताळात ठेवतात. एकनाथ तनपुरे एम.ए. बी.एड. आहे. मास्तरकीसाठी संस्थेला द्यायला पैसा नाही, म्हणून तो गावात आहे. पण ज्या शेतीकडे पांडुरंग परतला, तीच इथं माणसं पोसायला असमर्थ ठरलीय. घरात बायकोची निराशा, भावाची घालमेल, आई-वडिलांची कटकट. देशमुख हे सगळं संथपणे, कधीकधी नको इतक्या संथपणे लिहितात. मधली बरीच पानं कमी झाली असती तर बिघडलं नसतं. पण या कादंबरीत डिग्रीचा अर्थ लागतो. एकनाथच्या शिक्षणानं त्याला नोकरी दिली नाही, पण आपल्यावर काय कोसळतंय हे समजण्याइतकं शहाणं मात्र केलं, आणि त्या शहाणपणाचं करायचं काय, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

मुंबईत हाच प्रश्न जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये (१९९७) येतो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरण्यांचा संप, त्यातले सुमारे अडीच लाख कामगार, आणि त्या संपानंतरचं धुरी कुटुंब. एक खोली, आई, तीन मुलगे, एक मुलगी. धाकटा नरू गुंडगिरीकडे वळलेला, तर थोरल्या बाबाला लेखक व्हायचंय. समीक्षेत बहुतेकदा नरूवर बोललं जातं, कारण तो रंगमंचावर धगधगतो. मला बाबा जास्त अस्वस्थ करतो. शब्द घरात त्याच्याकडेच आहेत, आणि त्याच खोलीत त्याच्या शब्दांचा कुणाला काही उपयोग नाही. घर चालवण्याची चिंता आईला आहे, भाषा बाबाला आहे, आणि दोघांमध्ये पूल नाही. शिक्षणानं माणूस घरापासून तुटतो हे आपण भाषणात ऐकतो. पवारांनी ते दहा बाय बाराच्या खोलीत, तोडायला जागाच नसताना दाखवलं.

माझं ऑफिस लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. धुरींच्या पुढच्या पिढीतलं कुणी माझ्या शेजारच्या डेस्कवर बसत असेल, आणि नसेल तर का नाही, हाही प्रश्नच. काहीही असो, त्या डेस्कवर मराठी कादंबरी सहसा पोचत नाही. नापास झालेला, परतलेला, नाकारलेला पदवीधर आपल्याकडे आहे. नोकरी लागलेलाही आहे: नेमाड्यांचाच चांगदेव पाटील, जो 'हूल', 'जरीला', 'झूल'मध्ये या गावातून त्या गावात प्राध्यापकी करत फिरतो. स्टाफरूमचं राजकारण, जातींचे गट, संस्थाचालक. ते जग नेमाड्यांनी आतून पाहिलेलं आहे आणि ते पानापानांत जाणवतं. आपले बरेच लेखक मास्तर, प्राध्यापक किंवा पत्रकार होते, तेव्हा नोकरी म्हटलं की तेच येणार, हे समजण्यासारखं आहे.

पण कॅम्पसमध्ये सिलेक्ट होणं हा एक वेगळाच अनुभव आहे आणि त्याला अजून आमच्या भाषेत रूप मिळालेलं नाही. केट्या सुटलेल्या, ब्लॅक बुक बाइंड होऊन आलेलं, एका दिवसात दीडशे पोरं एका पगारावर घेतलेली. कुणाला जावा येतं की नाही हे विचारलंही नाही, कारण नंतर कंपनीच शिकवणार. माझ्या मावसभावाला असंच ऑफर लेटर मिळालं. घरी पेढे वाटले. मग जॉइनिंगची तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आठ महिने गेली. या काळात तो बेकार नव्हता, कारण कागद होता. नोकरदारही नव्हता, कारण पगार नव्हता. चाळीत कुणी विचारलं की मावशी "पुढच्या महिन्यात" म्हणायची. एकनाथला निदान नाही म्हणणारं कुणीतरी होतं. याला कुणी नाही म्हणत नव्हतं, फक्त ईमेल येत होत्या, आणि त्या सगळ्या 'अभिनंदन'नं सुरू व्हायच्या.

हे लिहायला पांडुरंगचं 'वगैरे' पुरत नाही, कारण इथं मुलाला नकार द्यायचाच नाहीये, त्याला आत जायचंय. बाबाचा कडवटपणाही पुरत नाही. 'बारोमास'मधला तपशील घ्यावा लागेल, देशमुखांनी पेरणीचा हिशेब दिला तसा ट्रेनिंग बाँडचा, बेंचवरच्या दिवसांचा हिशेब देत. आणि तो सांगणारा माणूस हवा आतला, ज्याला मेलमधलं 'अभिनंदन' आणि मावशीचं 'पुढच्या महिन्यात' ही एकाच वाक्याची दोन टोकं म्हणून ऐकू येतील.

तोवर वाचायला दादर स्टेशनबाहेरचे क्लासचे फलक आहेत. पासपोर्ट फोटोतली पोरं, खाली नाव, त्याखाली पूर्वी मार्क असायचे. आता काहींच्या खाली पॅकेज असतं, लाखांत, एका दशांश चिन्हापर्यंत.