‘व्यायामाने मन सुधारते’ : एका प्रत्ययाची चिकित्सा

व्यायाम आणि मनःस्वास्थ्य यांच्या संबंधाविषयी मराठीत जे लेखन होते, त्यातील मध्यवर्ती विधान बहुधा ‘व्यायामाने मन सुधारते’ या घाटाचे असते. या विधानाचा सारा भार ‘ने’ या प्रत्ययावर आहे. तो भार प्रत्ययाला पेलतो काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

‘चाकूने कापले’ येथे ‘ने’ साधन दर्शवितो. ‘पावसाने पीक गेले’ येथे कारण. दोन गोष्टी केवळ एकत्र आढळतात, एवढेच सांगावयाचे असेल तर हा प्रत्यय उपयोगी नाही. आता पुरावा पाहू. २०१८ साली ‘द लॅन्सेट सायकायट्री’ या नियतकालिकात सुमारे १२ लाख अमेरिकन प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. व्यायाम करणाऱ्यांनी सांगितलेले मनोदौर्बल्याचे दिवस, इतर बाबतींत तुल्य अशा व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा ४३.२ टक्क्यांनी कमी भरले. परंतु पाहणी एककालिक होती. विषादाने ग्रासलेल्या मनुष्याची हालचालीची इच्छाच मावळते. तेव्हा कारण कोणते आणि कार्य कोणते, याचा निर्णय तिच्यावरून होत नाही.

ब्लूमेंथाल व त्यांचे सहकारी यांचा १९९९ सालचा प्रयोग अधिक बळकट होय. १५६ वयस्क विषादरुग्णांची यदृच्छेने विभागणी केल्यावर, १६ आठवड्यांअखेर व्यायामगट व औषधगट यांत लक्षणीय अंतर उरले नाही. मात्र आरंभी औषधाचा गुण लवकर आला. शिवाय उपचाराविना ठेवलेला गट त्यात नव्हता. येथे ‘ने’ बराचसा सार्थ ठरतो, निःशेष नव्हे.

‘व्यायाम’ या शब्दात ‘संयमा’तीलच ‘यम्’ धातू आहे. चरकसंहितेने व्यायामाच्या फलांत क्लेश सोसण्याची शक्ती गणली, आणि तो मात्रेनेच करावा असेही सांगितले. अधिक व्यायाम म्हणजे नेहमीच अधिक लाभ नव्हे, हाच निष्कर्ष २०१८ च्या पाहणीनेही काढला. प्रचलित विधानातून गळते ती नेमकी ही मात्रा.

हा वाद केवळ व्याकरणाचा नाही. ‘व्यायामाने मन सुधारते’ असे निरपवाद म्हटले की, ‘मन खचले, अर्थात व्यायाम केला नसणार’ हे अनुमान ओघाने येते, आणि रोग्यावर आळसाचा ठपका बसतो. ‘विषाद हलका होण्यास व्यायामाचे साहाय्य होऊ शकते’ हे विधान कमी आकर्षक आहे. पण पुराव्याला धरून आहे, आणि रोग्याला वैद्याच्या दारापासून परतवीत नाही.