घर सोडण्याची मुभा : ‘कोसला’ आणि ‘वाडा चिरेबंदी’ यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना :

तरुण वयात घराबाहेर पडणे हा स्वातंत्र्योत्तर मराठी साहित्यातील एक महत्त्वाचा अनुभवविषय आहे. शिक्षणासाठी शहरात गेलेला मुलगा आणि नोकरीनिमित्त मुंबईत स्थिरावलेला भाऊ ही पात्रे मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाची आहेत. समीक्षेने या अनुभवाचा विचार प्रामुख्याने दोन अंगांनी केला : एक, खेडे आणि शहर यांतील ताण आणि दुसरे, आधुनिक व्यक्तीचे तुटलेपण. परंतु घराबाहेर पडण्याची मुभा कोणाला मिळते, तिचा खर्च कोण सोसतो आणि मागे कोण राहते, हे प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिले. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) ही कादंबरी आणि महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक (१९८५) यांच्या आधारे या प्रश्नांचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

भाषेतील साक्ष :

या विषयाचे पहिले सूत्र मराठीच्या वाक्प्रयोगांतच सापडते. मुलगा शिकण्यासाठी बाहेरगावी गेला की ‘मुलाला पुण्याला शिकायला ठेवले’ असे म्हटले जाते. मुलगी लग्न होऊन गेली की ती अमुक गावी ‘दिली’ असे म्हणतात. दोन्ही वाक्यांत जाणारी व्यक्ती कर्ता नाही. ठेवणारे आणि देणारे वडीलधारे आहेत. विवाहित भाऊ ‘वेगळा निघतो’, पण तेथे वाटणी आणि दुसरी चूल अभिप्रेत असते. या तिन्ही वाटा सोडून अविवाहित तरुण व्यक्ती स्वतःच्या इच्छेने गेली, तर तिच्यासाठी ‘पळून गेला’ किंवा ‘पळून गेली’ हाच प्रयोग चटकन ओठांवर येतो. रोष वा अपराध यांची छाया नसलेले साधे, स्वेच्छेने घडलेले घर सोडणे व्यक्त करणारा रूढ शब्दप्रयोग मराठीत सहजी सापडत नाही. ही उणीव केवळ भाषेची नसून कुटुंबरचनेची आहे. विवेच्य दोन्ही कृती याच व्याकरणाच्या चौकटीत घडतात.

‘कोसला’ : ठेवलेला मुलगा

पांडुरंग सांगवीकर खानदेशातील सांगवीहून पुण्यास येतो. महाविद्यालय, वसतिगृह, मेस, वादविवाद मंडळ आणि मित्रांचा गोतावळा यांत तो स्वतःला झोकून देतो. प्रथमपुरुषी, उपरोधिक निवेदनामुळे हा प्रवास एका मुक्त तरुणाचा वाटतो. तथापि या मुक्ततेचा आर्थिक पाया गावाकडील शेतीत व वडिलांच्या पैशात आहे. पांडुरंग पुण्यात राहतो तो वडिलांनी ठेवलेला मुलगा म्हणून. त्यामुळे पैसा, परीक्षा आणि वडील ही त्याच्या अस्वस्थतेची तीन टोके सतत परस्परांत गुंतलेली राहतात. परीक्षेत अपयश आल्यावर पुण्यातील त्याच्या वास्तव्याचे प्रयोजनच संपते आणि त्याला सांगवीची वाट धरावी लागते.

‘कोसला’चे वाचन अस्तित्ववादाच्या संदर्भात मोठ्या प्रमाणावर झाले. ते अप्रस्तुत आहे असे नाही. परंतु नायकाचे परतणे केवळ तात्त्विक निरर्थकतेचे प्रतीक मानले, तर त्यामागील व्यवहार नजरेआड होतो. ज्याने स्वतः कमावून घर सोडलेले नाही, त्याचे परतणे आधीच ठरलेले असते.

धाकटी बहीण मनी हिचा देवीच्या रोगाने झालेला मृत्यू या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवा. हा कादंबरीतील सर्वांत हळवा भाग आहे, याबद्दल वाचकांत सहसा मतभेद नसतो. कादंबरीभर सर्व गोष्टींची टवाळी करणारा निवेदक येथे ती टवाळी टिकवू शकत नाही. मनीला घराबाहेरचे जग मिळालेच नाही. बाहेर गेलेल्या भावाचा अपराधभाव आणि घरातच संपलेले बहिणीचे आयुष्य यांची ही जोडी ‘कोसला’ला निव्वळ तरुण पुरुषाच्या वैफल्यकथेपलीकडे नेते.

‘वाडा चिरेबंदी’ : मागे राहिलेल्यांची बाजू

‘कोसला’त जे सूचित आहे, ते विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आलेल्या ‘वाडा चिरेबंदी’त उघडपणे मांडले जाते. विदर्भातील धरणगावकर देशपांडे यांच्या वाड्यात तात्याजींच्या निधनानंतर कुटुंब एकत्र येते. धाकटा भाऊ सुधीर मुंबईहून पत्नी अंजलीसह आला आहे. थोरला भास्कर गावीच राहून वाडा सांभाळत आहे. तेराव्याचा खर्च कोणी करावयाचा, या प्रश्नातून दोन भावांतील ताण व्यक्त होतो. सुधीर घराबाहेर पडला खरा, पण वाड्यातून सुटला नाही. त्याचा हक्कही शिल्लक आहे आणि त्याच्याकडून असलेली अपेक्षाही.

एलकुंचवारांची नाट्यदृष्टी मात्र या दोघांवर थांबत नाही. शिकण्याची तीव्र इच्छा असूनही वडिलांनी वाट अडवलेली प्रभा आणि घरातील कष्ट निमूटपणे उपसणारा चंदू ही मागे राहिलेली माणसे आहेत. प्रभाला कोणी ‘ठेवले’ नाही आणि ‘दिले’ही नाही, वर पाहिलेल्या व्याकरणात तिच्यासाठी क्रियापदच नाही. भास्करची मुलगी रंजू उरलेला एकमेव मार्ग पत्करते. ती दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते. तिचे जाणे उथळ व आत्मघातकी आहे, हे नाटककार लपवत नाही. परंतु प्रभा आणि रंजू यांना शेजारी ठेवून पाहिले असता लक्षात येते, की परवानगी मागणारी आत्या घरातच कोमेजली आणि परवानगी न मागणारी भाची बदनाम झाली. सन्मानाने जाण्याची तिसरी वाट त्या वाड्याला नव्हती.

या प्रश्नाला मराठीत जुनी परंपरा आहे. विभावरी शिरूरकर यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) या संग्रहात शिकलेल्या, कमावत्या अविवाहित स्त्रियांची कोंडी आली आहे. कमाई असली म्हणजे मुभा मिळतेच असे नाही. उलट तीच कमाई मुलीला माहेरच्या संसाराला बांधून ठेवू शकते. कायद्याच्या बाबतीतही असेच दिसते. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशपातळीवर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. मात्र हिस्सा मिळणे आणि जाण्याची मुभा मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रभाने वाड्याचा हिस्सा नव्हे, शिक्षण मागितले होते.

निष्कर्ष :

१. विवेच्य कृतींत घराबाहेर पडणे हा संपूर्ण विच्छेद नसून पैसा, हक्क व कर्तव्य यांनी बांधलेला कौटुंबिक व्यवहार आहे.

२. पांडुरंग व सुधीर यांची मुभा मनी, प्रभा, चंदू यांच्या मागे राहण्याच्या संदर्भातच पूर्णपणे समजते.

३. ‘कोसला’ हा अनुभव बाहेर गेलेल्याच्या दृष्टीतून, तर ‘वाडा चिरेबंदी’ प्रामुख्याने घरात राहिलेल्यांच्या दृष्टीतून मांडते. म्हणून या दोन कृती परस्परपूरक ठरतात.

सारांश, घर सोडणाऱ्या नायकाच्या एकाकीपणाची मीमांसा मराठी समीक्षेने भरपूर केली. ज्यांना घर सोडताच आले नाही त्यांच्या एकाकीपणाकडे तितक्याच गांभीर्याने पाहिल्याशिवाय ही मीमांसा पूर्ण होणार नाही.