बेरजेत हरवलेले रुग्ण

माकडहाडाजवळ, नितंबांमधल्या खाचेत केस कातडीत रुततात, आत पोकळी तयार होते आणि पू साठतो. १८८० साली हॉजेस या अमेरिकन शल्यवैद्यांनी लॅटिनमधील 'केस' आणि 'घरटे' या शब्दांवरून या विकाराला 'पायलोनिडल' असे नाव दिले. तो तरुणांना, विशेषतः मुलग्यांना अधिक होतो. शस्त्रक्रियेच्या पद्धती अनेक आहेत. पण विकार पुन्हा उद्भवतो, ही खरी अडचण. मग चांगली पद्धत कोणती?

स्टॉफर आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ७४० अभ्यास एकत्र करून सुमारे ९० हजार रुग्णांची माहिती तपासली. या कामाचे मोल आम्हांला मान्य आहे. रुग्णांचा पाठपुरावा किती काळ केला हे सांगितल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही, हे त्यांनी स्पष्ट दाखवले. जखम मधल्या रेषेवरच शिवली, तर पहिल्या वर्षात थोड्यांनाच पुन्हा त्रास होतो. वीस वर्षांचा हिशेब मांडला की हेच प्रमाण सुमारे ६८ टक्क्यांवर जाते. वर्षभरात वही मिटणारा शल्यवैद्य आपल्या पद्धतीवर खूश राहणारच!

आमचा आक्षेप अशा तुलनांच्या कच्च्या मालाविषयी आहे. एक-दोन छिद्रांचा साधा विकार आणि फाटे फुटलेला किंवा शस्त्रक्रियेनंतर परतलेला गुंतागुंतीचा विकार अनेक अभ्यासांत एकाच रकान्यात मोजले जातात. शिवाय साध्या विकाराला छोटी शस्त्रक्रिया आणि गुंतागुंतीच्या विकाराला शेजारची कातडी सरकवून बसवण्याची मोठी, अशी निवड आधीच झालेली असते.

याने काय बिघडते? काही काल्पनिक आकडे घेऊ. छोटी शस्त्रक्रिया १०० जणांवर केली. ९० साध्यांपैकी ९ आणि १० गुंतागुंतीच्यांपैकी ५ जणांना पुन्हा त्रास झाला, एकूण १४. मोठी शस्त्रक्रियाही १०० जणांवर केली. २० साध्यांपैकी १ आणि ८० गुंतागुंतीच्यांपैकी २४ जणांना त्रास झाला, एकूण २५. बेरीज सांगते, छोटी बरी. गटवार पाहिले तर साध्यांत १० विरुद्ध ५ टक्के, गुंतागुंतीच्यांत ५० विरुद्ध ३० टक्के. म्हणजे दोन्ही गटांत मोठीच सरस!

याचा अर्थ सर्वांवर मोठी शस्त्रक्रिया करावी असा नाही. छोटी जखम सोसायला सोपी असते, आणि साध्या विकारात तेही महत्त्वाचे आहे. पण निवड करायची तर 'साधा' म्हणजे काय हे आधी ठरवावे, सारख्या रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करावी आणि पाठपुरावा सारखाच काळ करावा.

वर्गात आधी फक्त १४ आणि २५ हे आकडे फळ्यावर लिहा. निकाल विद्यार्थ्यांना देऊ द्या. मग गट उघड करा.