रोजची भाकर आणि कृतज्ञतेचा हिशेब : मराठी ख्रिस्ती साहित्यातील ईश्वरी तरतुदीची संकल्पना

प्रस्तावना

मराठी साहित्याच्या इतिहासात ख्रिस्ती साहित्यप्रवाहाचा विचार बहुधा धर्मांतर, मिशनरी कार्य आणि मुद्रणकला या तीन संदर्भांत केला जातो. देव रोजच्या गरजा रोज भागवितो हा विश्वास व त्यातून उमलणारी उपकारस्तुती हे या प्रवाहाचे एक मध्यवर्ती सूत्र आहे. त्याची दखल मात्र ‘भक्तिभाव’ या एका शब्दात घेऊन समीक्षक पुढे जातात. परिणामी या विश्वासाचे व्यावहारिक रूप कोणते, त्याचा भार कोणी वाहिला आणि कृतज्ञता नेमकी कोणाविषयी, हे प्रश्न अनुत्तरित राहतात. रेव्ह. ना. वा. टिळक, लक्ष्मीबाई टिळक आणि पंडिता रमाबाई यांच्या जीवन व लेखनाच्या आधारे या प्रश्नांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रार्थनेतील भाकर

येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत भाकरीची मागणी आहे. तिच्याविषयी दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे ही मागणी केवळ आजच्या दिवसापुरती आहे. भाकरीला लावलेले मूळ ग्रीक विशेषण ‘एपिऊसिओस’ हे अतिशय दुर्मीळ असून त्याचा अर्थ ‘रोजची’, ‘गरजेपुरती’ की ‘येणाऱ्या दिवसाची’ याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र यांपैकी कोणताही अर्थ साठवणुकीचे समर्थन करीत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे भाकर मागणारा एकवचनी नाही. तो ‘माझी’ म्हणत नाही, तर ‘आमची’ म्हणतो. जुन्या करारातील मान्नाची कथाही याच दिशेने जाते. रानात मिळालेले ते अन्न ज्याने जास्त गोळा केले त्याचे उरले नाही व ज्याने कमी गोळा केले त्याला कमी पडले नाही. दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेले नासले, शब्बाथाचा अपवाद तेवढा होता. याचा अर्थ असा, की या परंपरेत विश्वास आणि वाटप या एकाच आचाराच्या दोन बाजू आहेत.

अभंग आणि स्वयंपाकघर

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. ‘अभंगांजली’तील त्यांच्या रचनांत देव आणि भक्त यांचे नाते पुष्कळदा माय-लेकराचे आहे. लेकरू उद्याची चिंता वाहत नाही, कारण ती माय वाहते. वारकरी परंपरेतील हा भाव टिळकांनी ख्रिस्ती आशयाला सहजपणे जोडला. त्यांचे हे काव्य केवळ शाब्दिक नव्हते. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. १९१९ साली त्यांचे निधन झाले.

मात्र ‘लेकरू’ होऊन राहिलेल्या पुरुषाच्या घरात ‘माय’ कोण होते? या प्रश्नाचे उत्तर अभंगांत नाही, ते १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. टिळकांचा उदार, उतावळा व संग्रहाविषयी बेफिकीर स्वभाव लक्ष्मीबाईंनी प्रेमाने आणि मिस्कीलपणे रेखाटला आहे. हातचे देऊन टाकणारा नवरा, घरात सतत येणारी-जाणारी माणसे, पोटच्या मुलांबरोबर सांभाळलेली अनाथ मुले आणि नगरच्या प्लेगच्या दिवसांतील सेवा या साऱ्यातून एक सत्य स्पष्ट होते. ईश्वरी तरतूद ताटात येण्यापूर्वी ती कोणाच्या तरी हातांतून जाते.

‘स्मृतिचित्रे’ची थोरवी विनोद, साधेपणा व प्रांजळपणा यांत शोधण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती अयोग्य नाही, पण अपुरी आहे. प्रस्तुत अभ्यासकाच्या मते हा ग्रंथ टिळकांच्या भक्तिकाव्यावरील सर्वांत समर्थ टीकाग्रंथही आहे. लक्ष्मीबाई विश्वास नाकारीत नाहीत. १९०० साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला व टिळकांच्या पश्चात त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे केले. परंतु त्या विश्वासाला घरखर्चाच्या वहीशेजारी आणून बसवितात. त्यांची कृतज्ञता डोळस आहे. तिला मिळाल्याचा आनंद आहे आणि न मिळाल्याची आठवणही आहे. अभंग व आत्मचरित्र एकत्र वाचले तरच या जीवनदृष्टीचे पूर्ण आकलन होते.

केडगावचा प्रयोग

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. १८७०च्या दशकातील दुष्काळात त्यांनी आई, वडील व बहीण गमावली. पौराणिक पठणावर जगणाऱ्या या कुटुंबाला कष्टाच्या कामाची सवय नव्हती. देवावर भिस्त ठेवून वाट पाहण्यापलीकडे त्यांच्यापाशी उपाय उरला नव्हता. हा अनुभव रमाबाईंनी पुढे स्वतः नोंदविला आहे. ईश्वरी तरतुदीविषयीच्या त्यांच्या ख्रिस्ती कल्पनेमागे भुकेची ही स्मृती आहे, हे विसरता कामा नये.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९००च्या सुमारास गुजरातेतून त्यांनी निराधार मुली व स्त्रिया केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. आश्रितांची संख्या जवळजवळ २००० पर्यंत पोहोचली. ब्रिस्टल येथे प्रार्थनेच्या बळावर अनाथगृह चालविणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांच्या उदाहरणाचा त्यांच्यावर प्रभाव होता. तथापि केडगावात प्रार्थनेबरोबर विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, विणकाम व छापखाना चालला. ज्या मुली अन्नाच्या याचक म्हणून आल्या, त्याच अन्न पिकविणाऱ्या झाल्या. रमाबाईंच्या लेखी श्रम हा विश्वासाला पर्याय नव्हता, तर विश्वासाची कृती होती. कृतज्ञतेचे रूपांतर कौशल्यात करण्याचा हा प्रयोग महत्त्वाचा आहे.

शहापूर-मुरबाडचा संदर्भ

हे विवेचन शहापूर व मुरबाड तालुक्यांतील अध्यापकांना दूरचे वाटू नये. आपल्या वर्गात बसणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी ‘रोजची भाकर’ हे रूपक नाही. भाताचा हंगाम संपला की अनेक आदिवासी कुटुंबे, विशेषतः कातकरी, उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. उचल म्हणजे उद्याचे श्रम गहाण ठेवून मिळविलेला आजचा घास. मान्नाच्या कथेत उद्या देवाच्या हाती असतो, येथे तो मालकाच्या हाती जातो. तानसा व भातसा ही मुंबईची तहान भागविणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी ‘आहे त्यात समाधान माना’ असा उपदेश कोणत्याही धर्माच्या व्यासपीठावरून झाला, तरी तो उपाशी माणसाला गप्प बसविण्याचे साधन ठरू शकतो.

म्हणूनच समाधान आणि कृतज्ञता यांत भेद करणे अगत्याचे आहे. समाधान प्रश्न विचारणे थांबविते, कृतज्ञता मात्र देणाऱ्याचा शोध घेते. या परिसरातील लोकजीवनाला हे अपरिचित नाही. वारली समाज कणसरीला धान्याची माता मानतो व नवे धान्य देवाला अर्पण केल्याखेरीज खात नाही. ख्रिस्ती मंडळ्यांतही कापणीच्या सणाला पहिले पीक वेदीपाशी आणले जाते. दोन्ही आचारांत अन्न हे आपल्या एकट्याच्या मालकीचे नाही, याची कबुली आहे. त्यांची श्रद्धास्थाने भिन्न आहेत व ती एकच असल्याचे भासविण्याची गरज नाही. परंतु वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकविताना विद्यार्थ्याला त्याच्या घरच्या अनुभवातून ग्रंथापर्यंत नेणारा हा एक समर्थ दुवा आहे.

निष्कर्ष

१. ईश्वरी तरतुदीवरील विश्वास हा मूळ ख्रिस्ती संकल्पनेत सामूहिक आहे. त्याला वैयक्तिक निश्चिंतीपुरते मर्यादित करणे हा अर्थसंकोच होय.

२. टिळकांच्या काव्यातील निश्चिंती लक्ष्मीबाईंच्या गद्याशिवाय अपुरी राहते. ‘स्मृतिचित्रे’ हा त्या विश्वासाचा पुरावा आहे आणि त्याची चिकित्साही आहे.

३. रमाबाईंनी भुकेच्या अनुभवातून विश्वास व श्रम यांचा मेळ घातला. त्यामुळे त्यांची उपकारस्तुती संस्थात्मक रूप धारण करते.

४. ज्या कृतज्ञतेला आपल्या ताटामागचे हात दिसत नाहीत ती अपुरी आहे. मराठी ख्रिस्ती साहित्याचे अध्यापन करताना भक्तीबरोबर या हातांचाही विचार झाला, तर हे साहित्य एका समाजापुरते न राहता भाकरीची चिंता असलेल्या प्रत्येक वाचकाचे होईल.