‘सखाराम बाइंडर’ : मारहाण आणि तिचे प्रेक्षक

विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ १९७२ मध्ये कमलाकर सारंग यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. परिनिरीक्षण मंडळाने काटछाट सुचविली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. वादाचे विषय होते भाषा, शरीरसंबंधांचे सूचन आणि विवाहसंस्थेची अवहेलना. लक्ष्मीला होणारी मारहाण या गदारोळात जवळजवळ अलक्षित राहिली. नवऱ्याने टाकलेली बाई घरात ठेवणे अनैतिक. तिला मारणे मात्र ‘स्वभावचित्रण’!

पुरुषत्वाचे संकेत प्रेक्षकाची दृष्टी कशी घडवितात, हे गणपतीच्या आरतीच्या प्रसंगात स्पष्ट दिसते. मुसलमान दाऊदने आरती म्हणू नये, असा लक्ष्मीचा आग्रह. त्यावरून सखाराम तिला मारतो. मित्राचा मान राखणारा, धर्मभेद न मानणारा हा पुरुष उदारमतवादी प्रेक्षकाला येथे आपला वाटू लागतो. मार बसतो तो तिच्या सोवळ्याला, अशी सोयीची समजूत तो करून घेऊ शकतो. मर्दानगीला पुरोगामित्वाचे पांघरूण मिळाले की हिंसा शिक्षेसारखी भासू लागते. तेंडुलकरांनी हा सापळा जाणीवपूर्वक रचला असावा, असे मला वाटते.

पाचगणीत विद्यार्थ्यांबरोबर हे नाटक वाचताना हमखास प्रश्न येतो : लक्ष्मी निघून का जात नाही? पण हा युक्तिवाद मुळात सखारामचाच आहे. नको झाले की जावे, लुगडे आणि प्रवासखर्च मिळेल, ही त्याची पहिल्याच दिवशी सांगितलेली अट. ‘दार उघडे आहे’ एवढ्यावर तो स्वतःला न्यायी समजतो, आणि आपला प्रश्नही नकळत त्याच्याच बाजूने उभा राहतो.

चंपा नवऱ्याला, फौजदार शिंदेला, मारते तेव्हा वाचक दचकतो. त्याने तिचा केलेला अमानुष छळ आपल्याला केवळ तिच्या बोलण्यातून कळतो. तिचा हात मात्र डोळ्यांसमोर उठतो. संहितेची ही विषम योजना मला खटकते.

चंपाच्या खुनाचे स्पष्टीकरण सखारामच्या ढासळलेल्या पौरुषात शोधण्याचा मोह होतो. तसे वाचले की हे नाटक त्याची शोकांतिका ठरते आणि चंपा तिचे निमित्त. खुनानंतर तो सुन्न होतो. प्रेत पुरण्यासाठी खड्डा खणायला पुढे होते ती लक्ष्मी. वाचकाचा तिरस्कार मग तिच्याकडेच वळतो.