पुनरारंभित गुन्हेमालिका आणि पडद्यामागील आख्यायिका : 'सी.आय.डी.'च्या निमित्ताने

जबलपूरहून नागपूरकडे निघालेला रस्ता तिलवारा घाटाशी नर्मदा ओलांडतो. १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसमुळे हा परिसर राजकीय इतिहासात नोंदला गेला. गुन्हेकथेच्या अभ्यासकाला मात्र तो त्याच्या शंभर वर्षे आधीच्या घडामोडींसाठी महत्त्वाचा वाटावा. ठगांच्या बंदोबस्ताची सूत्रे विल्यम स्लीमनने जबलपुरातून हलवली. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांतून त्याने ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश सिद्ध केला आणि १८३६ मध्ये 'रामासीआना' या नावाने प्रसिद्ध केला. पुढे तीनच वर्षांनी फिलिप मेडोज टेलरची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी आली. या दोन्ही ग्रंथांच्या वाचकाला खून झाला एवढे कळून पुरत नव्हते. इशारा कोणी द्यायचा, रुमाल कोणी धरायचा, वाटसरूला गप्पांत कोणी गुंतवायचे, ही आतली वाटणी त्याला जाणून घ्यायची होती. गुन्ह्याच्या नेपथ्यरचनेविषयीचे हे कुतूहल भारतविषयक गुन्हेकथेला जन्मापासूनच चिकटलेले आहे.

दूरचित्रवाणीच्या काळात या कुतूहलाने आपला विषय बदललेला दिसतो. गुन्हा कसा घडला यापेक्षा गुन्ह्याची मालिका कशी घडली, भूमिका कोणाला मिळाली, कोणाला नाकारली गेली, याची माहिती अधिक आवडीने वाचली जाते. मुलाखत देणारा नट हा एका अर्थी कथेचा माफीचा साक्षीदारच असतो. बंद पडलेली मालिका पुन्हा सुरू होते तेव्हा अशा माहितीचे महत्त्व विशेष वाढते. जेरार जेनेत यांनी १९८७च्या आपल्या ग्रंथात शीर्षक, प्रस्तावना, मुलाखती इत्यादी परिसंहितांना 'उंबरठे' म्हटले होते. उंबरठा ओलांडून आत जायचे असते. पुनरारंभित मालिकेचा प्रेक्षक मात्र पुष्कळदा उंबरठ्यावरच बसून राहतो, आणि त्याला त्याची खंतही वाटत नाही.

'सी.आय.डी.' ही मालिका सोनी वाहिनीवर जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली, १५४७ भागांनंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. शिवाजी साटम, आदित्य श्रीवास्तव आणि दयानंद शेट्टी ही त्रयी आपापल्या भूमिकांत परतली. येथेच एक तौलनिक भेद ध्यानात घ्यावा लागतो. अमेरिकेतील 'हवाई फाइव्ह-ओ' (१९६८–८०) या मालिकेची २०१० मध्ये पुनर्रचना झाली तेव्हा मॅकगॅरेट, डॅनी विल्यम्स, चिन हो केली, कोनो ही नावे राखली गेली. नट सर्वस्वी नवे आले आणि कोनो तर पुरुषाची स्त्री झाली. तेथे नाम स्थिर आणि देह बदलता आहे. 'सी.आय.डी.'मध्ये नाम आणि देह यांची फारकत निर्मात्यांना शक्य वाटली नाही. मधल्या वाटेचे उदाहरण 'करमचंद'चे. १९८५ची ही मालिका २००७ मध्ये पुन्हा आली तेव्हा पंकज कपूर तेच राहिले, परंतु किटीच्या भूमिकेत सुष्मिता मुखर्जींच्या जागी सुचेता खन्ना आल्या. गाजराचा दंडक कायम ठेवूनही ती जोडी पूर्वीसारखी जमली नाही असेच म्हणावे लागते. करमचंदचा विक्षिप्तपणा किटीच्या बावळट प्रश्नांवर किती अवलंबून होता हे त्या अदलाबदलीने उघड केले.

मराठी रंगभूमीला हा पेच नवा नाही. अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मधील लखोबा लोखंडे आणि प्रभाकर पणशीकर यांचे समीकरण १९६२ पासून इतके दृढ झाले की ती भूमिका पुढे गिरीश ओक यांनी केली तेव्हा प्रेक्षक एकाच वेळी दोन नट पाहत होता : एक डोळ्यांसमोरचा, दुसरा आठवणीतला. त्या नाटकाच्या फिरत्या रंगमंचाची कथा नाटकाइतकीच सांगितली गेली. ती केवळ चुटका म्हणून उरली नाही याचे कारण उघड आहे. एकाच इसमाच्या अनेक वेषांतरांचा वेग त्या यंत्रणेवाचून साधलाच नसता; म्हणजे यंत्रणेची माहिती संहितेचा अर्थ उलगडत होती.

हीच कसोटी 'सी.आय.डी.'विषयीच्या किश्श्यांना लावून पाहता येईल. २००४ मध्ये लोणावळ्यात चित्रित झालेला १११ मिनिटांचा सलग, एकही काप नसलेला भाग विक्रमांच्या यादीत गेला आणि तेथेच अडकला. वस्तुतः त्याचा अर्थ विक्रमापलीकडचा आहे. मालिकेचे जनक बी. पी. सिंग हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रण शिकलेले आणि दूरदर्शनसाठी वृत्तचित्रण केलेले. काप न देता घटनेच्या मागे चालत राहणे ही वृत्तचित्रकाराची सवय. तर दोन तासांच्या आसपास नटसंचाने न थांबता उभे राहणे ही नाटकवाल्याची. प्रेताभोवती अर्धवर्तुळात उभे राहून प्रत्येकाने एकेक तर्क उच्चारावा, ही या मालिकेची बहुधा थट्टेचा विषय झालेली रचना या दोन सवयींच्या संगमातून पाहिली तर तितकी हास्यास्पद वाटत नाही. (डॉ. साळुंखे यांच्या प्रयोगशाळेतील रंगीत द्रवांबाबत मात्र एवढे औदार्य दाखवणे कठीण आहे.)

पात्रनिवडीच्या कथांतही असाच निवाडा करावा लागेल. आदित्य श्रीवास्तव प्रथम एका भागात गुन्हेगार म्हणून आले आणि नंतर निरीक्षक अभिजीत झाले. दयानंद शेट्टी हे मुळात थाळीफेकपटू. पहिली गोष्ट अर्थपूर्ण आहे : अभिजीतच्या चौकशीत संशयिताशी जी एक सावध जवळीक जाणवते, ती कुंपणाच्या दोन्ही बाजू पाहिलेल्या नटाची आहे असे म्हणण्यास जागा आहे. दुसरी गोष्ट दरवाजा तोडण्याच्या प्रसंगापाशी येऊन संपते. आशुतोष गोवारीकर आरंभीच्या भागांत निरीक्षक वीरेंद्र होते, ही माहिती तर कथेविषयी काहीच सांगत नाही. पुढे मोठा दिग्दर्शक झालेल्या माणसाचे नाव उच्चारल्याचे समाधान तेवढे देते.

सर्वाधिक सांगितला जाणारा किस्सा शिवाजी साटम यांचा : बँकेतील नोकरदार गृहस्थ एसीपी प्रद्युम्न झाला. या कथनात नोकरी ही योगायोगाची पार्श्वभूमी ठरते आणि नट आकाशातून पडल्यासारखा भासतो. वास्तविक बँकांच्या आंतरशाखीय आणि आंतरबँक नाट्यस्पर्धा ही मुंबईच्या मराठी रंगभूमीची एक पेठच होती. दिवसा खातेवही आणि सायंकाळी तालीम हा दिनक्रम जगणाऱ्या नटांची अख्खी पिढी तेथून व्यावसायिक रंगभूमीवर आली. साटम यांना बाळ धुरी यांनी 'संगीत वरद'मध्ये प्रथम संधी दिली ती याच परिसरातून. शिवाय सिंग आणि साटम यांची सोबत हिंदी मालिकेपासून सुरू होत नाही. पोलिसांच्या नियंत्रण कक्षाच्या दूरध्वनी क्रमांकावरून नाव घेतलेली 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका दोघांनी त्याआधी केली होती. वरिष्ठ अधिकाऱ्याचा तो किंचित थकलेला, घरातल्या वडीलधाऱ्यासारखा स्वर हिंदीत आला तो मराठीतून. १९९९च्या 'वास्तव'मध्ये गुन्हेगार मुलाचा हताश बाप रंगवताना साटम यांनी तोच स्वर पडद्याच्या दुसऱ्या बाजूने वापरला; फरक एवढाच की तेथे जाब विचारण्याचा अधिकार त्या स्वराजवळ उरला नव्हता.

पुनरारंभाच्या वेळी प्रसृत झालेल्या किश्श्यांत बँक राहिली, 'एक शून्य शून्य' मात्र क्वचितच आली. किस्सा व्यक्ती जपतो आणि परंपरा गाळतो. हा दोष सांगणाऱ्याच्या अज्ञानाचा नाही, त्या प्रकाराच्या घडणीचा आहे. आख्यायिकेला एकटा नायक लागतो. स्पर्धेचे परीक्षक, शाखेतील सहकारी, मराठी संहितेचे लेखक यांना तिच्यात जागा नसते. ज्या भाषेतून एखादा रूपबंध घडला तिचे श्रेय अशा रीतीने नाहीसे होते, आणि ते नाहीसे झाल्याची कोणी तक्रारही करीत नाही, कारण नटाचे नाव तर मराठीच असते. अर्नाळकरांच्या धनंजय-छोटूपासून चालत आलेल्या मराठी रहस्यकथेचा हिंदी दूरचित्रवाणीशी असलेला संबंध शोधू पाहणाऱ्याला म्हणूनच या किश्श्यांवर विसंबता येत नाही. त्यांना वगळूनही चालत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये मालिकेने एसीपी प्रद्युम्नचा बॉम्बस्फोटात अंत घडवला. पार्थ समथान यांचा नवा एसीपी आयुष्मान दाखल झाला. वाहिनीने पात्राला श्रद्धांजली वाहिली, तीही खऱ्या माणसाला वाहावी तशी. कॉनन डॉयलने १८९३ मध्ये होम्सला दरीत लोटले तेव्हाचा वाचकांचा क्षोभ येथे आठवेल, परंतु साम्य वरवरचे आहे. होम्सच्या वाचकांना मृत्यू कथेतून कळला. येथे पात्राचा मृत्यू, नटाचे निर्गमन आणि नव्या नटाची निवड या तिन्ही वार्ता एकमेकींत मिसळूनच पोचल्या, आणि प्रेक्षकांतील चर्चा खुनी कोण यापेक्षा साटम परत येतील काय याचीच अधिक झाली. ते परत आलेही. डॉयलला होम्सच्या पुनरागमनासाठी दरीतून सुटकेची एक युक्ती रचावी लागली होती. येथे प्रद्युम्न कसा वाचला यात कोणाला फारसे स्वारस्य उरले नव्हते, कारण खरे रहस्य पडद्यामागचे होते आणि ते उलगडले होते.

पुनरारंभित संचात एक जागा रिकामी होती. फ्रेडरिक्सची भूमिका करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये, मालिका परतण्याच्या वर्षभर आधी, निवर्तले. संस्कृत नाटकातील विदूषकाप्रमाणे फ्रेडरिक्स तपासात उपयोगी नसे. त्याच्या भित्रेपणामुळे आणि घरगुती कुरबुरींमुळे प्रेताभोवतीचे ते अर्धवर्तुळ माणसांचे वाटत असे. प्रद्युम्नला मारून परत आणता आले. फ्रेडरिक्सच्या बाबतीत लेखकांच्या हाती तसे काहीच नव्हते.