‘गावगाडा’ आणि ग्रामविकासाचे ज्ञान

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. सामूहिक विकास योजनेचा आरंभ २ ऑक्टोबर १९५२ रोजी झाला. तरीही ग्रामविकासाचे काम करणाऱ्याने गावाविषयी काय जाणले पाहिजे, या प्रश्नाला मराठीत याहून भरीव उत्तर क्वचितच सापडेल. योजनेने ज्ञानाची वाटणी शेती, पशुसंवर्धन, आरोग्य, सहकार अशी खात्यांप्रमाणे केली. आत्रे यांची वाटणी निराळी आहे. कोणाचे कोणाकडे काय येणे आहे व त्याबद्दल कोणते काम करावयाचे आहे, हे ते शब्दाशब्दाने नोंदवितात: वतन, बलुते, हक्क, मान. गावातील परस्परसंबंध ज्या शब्दांत साठलेले असतात ते शब्दच त्यांनी टिपले, ही या ग्रंथाची थोरवी होय.

परंतु या शब्दांना अर्थ दिला तो कोणाच्या बाजूने? आत्रे महसूल खात्यातील अधिकारी. त्यांची सहानुभूती कुणब्याकडे आहे. फिरस्त्यांविषयी त्यांनी विस्ताराने लिहिले, पण बहुशः कुणब्यावरील भार म्हणून. ‘वतन’ हाच शब्द घ्या. पाटलाच्या तोंडी तो प्रतिष्ठेचा. महारांच्या वाट्याला मात्र त्याचा अर्थ तुटपुंज्या मोबदल्यावर अष्टौप्रहर चाकरी असा आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या दुसऱ्या अर्थापोटी. शब्दाचा एकच अर्थ धरून चालणाऱ्या कार्यकर्त्याला अर्धे गाव ऐकूच येत नाही.

दुसरी मर्यादा प्रदेशाची. धाड (जि. बुलढाणा) येथे ‘गावगाडा’ कोशासारखा वापरल्यास फसगत व्हावयाची. आत्रे यांचा अनुभव मुंबई इलाख्यातला. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजी कारभाराखाली गेले, १९०३ साली मध्यप्रांताला जोडले गेले आणि १९५६ साली मुंबई राज्यात आले. तेथील कारभाराची परिभाषाही त्यामुळे वेगळी घडली. त्यात धाड घाटावरचे, मराठवाड्याच्या सीमेलगतचे. ‘मला’बद्दल ‘मले’, ‘डोळा’बद्दल ‘डोया’ ही वऱ्हाडीची प्रसिद्ध लक्षणे खरी, पण सीमेवरील घरोघरी ती सारखीच असतील असे गृहीत धरता येत नाही. (पाठ केलेली वऱ्हाडी बोलून जवळीक साधू पाहणारा परका कार्यकर्ता तर हास्यास्पदच ठरतो.) तेथे आत्रे यांची यादी नव्हे, त्यांची रीत न्यावी. सरकारी कागदावर जो ‘लाभार्थी’ आहे तो स्वतःला काय म्हणवितो, हे प्रथम विचारावे; आणि ही विचारपूस पाटलाच्या ओसरीवरून नव्हे, गावाबाहेर उतरलेल्या पालांपासून सुरू करावी.